बारा बरोबरच्या खुणा

आमच्या शाळेत जिन्याखाली एक खोली आहे. खोली कसली, जिना बांधून झाल्यावर जी जागा उरली तिला दार लावलंय. आत शिरताना माणूस ताठ असतो, तिसऱ्या पावलाला वाकतो आणि पाचव्याला त्याला बसावंच लागतं. पूर्वी तिथे मोडकी बाकं असत. नऊ वर्षांपूर्वी बाकं गच्चीवर गेली आणि त्या जागी विशेष शिक्षिका आल्या. त्यांची सोय गच्चीवर करता आली नसती, नाहीतर तीही केली असती.

पहिल्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सर्वसमावेशक शिक्षणाबद्दल दोन शब्द बोलायला आत शिरल्या आणि उतरत्या छतावर डोकं आपटून बाहेर आल्या. दोन शब्द राहिलेच. दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या बाईंनी छताच्या कडेला जुन्या गादीचा स्पंज चिकटवला. हो, तेव्हापासून त्यांचं नाव तेच पडलं, जिन्याखालच्या बाई. पालक तेच म्हणतात, शिपाई तेच म्हणतो. एकदा शिक्षण खात्याच्या कचेरीतून पत्र आलं, त्यावर सुद्धा ‘जिन्याखालील शिक्षिका’ असं होतं. बाईंनी पत्र फाइलला लावलं आणि पोच दिली.

मी गणित शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. माझा आवाज मोठा आहे, डोकं लवकर तापतं आणि मी बोलत असताना कुणी मध्ये तोंड घातलेलं मला खपत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात घोळ माझा आहे आणि तो मी शांत डोक्याने केलेला आहे.

बाई पन्नाशीच्या. उंची बेताची, त्यामुळे त्या खोलीत उभं राहू शकणारं मोठं माणूस त्या एकट्याच. खांद्याला पिशवी, तिच्यात काय आहे हे पिशवीलाही माहीत नसावं. सगळं पेन्सिलीने लिहिणार. “खोडता येतं,” एवढंच म्हणणार. लोकांची फार इच्छा असते की अशा कामातल्या माणसाने काहीतरी मोठं बोलावं. एकदा एक पाहुणे आले होते, त्यांनी अगदी हात जोडून विचारलं, “या सेवेकडे आपण कशा वळलात?”

बाई म्हणाल्या, “कॉलेजात प्रवेशाच्या दोन रांगा होत्या. चित्रकलेची लांब होती.”

पाहुण्यांनी तरीही सोडलं नाही. आवाज खाली आणून म्हणाले, “घरी कोणी... तसं आहे का?”

“आहेत की. आमचे हे. तीस वर्षांत चहाचा कप मोरीत ठेवायला शिकले नाहीत. पण त्यांचा वर्ग माझ्याकडे येत नाही.”

पाहुण्यांनी नंतर भाषण केलं त्यात बाईंचा उल्लेख नव्हता.

आता नियम सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. विशेष मदत लागणारी पाच मुलं शाळेत असली की त्या शाळेला एक विशेष शिक्षिका मिळते. चार झाली की बाईंची बदली. साडेचार मुलं होत नाहीत म्हणून, नाहीतर त्याचाही नियम निघाला असता. आमच्याकडे पाच होती. एकाला कमी ऐकू यायचं, एकाला कमी दिसायचं, दोघांची अक्षरं वही सोडून इकडेतिकडे जायची. आणि पाचवी ती.

ती आली तेव्हा अकरा वर्षांची होती. आई कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करायची, आणि सुट्टी मिळत नाही म्हणून जेवणाच्या सुट्टीत धापा टाकत मुलीला घेऊन आली होती. आधीच्या दोन शाळांनी मुलीला घरी पाठवलं होतं. एकीने सांगितलं, शिकत नाही. दुसरीने सांगितलं, बाकाखालून बाहेर येत नाही. आई मोठ्या बाईंना म्हणाली, “ही तिसरी शाळा. चौथी कुठे असते मला माहीत नाही.”

मोठ्या बाईंनी तिला माझ्या वर्गात टाकलं. मी तोंडावर सांगितलं, “माझ्याकडे सेहेचाळीस आहेत. त्यातल्या वीस जणांना भागाकार येत नाही. सत्तेचाळिसावी घेऊन मी काय तिची पूजा करू?”

मोठ्या बाई म्हणाल्या, “समावेशन,” आणि पुढचा कागद ओढला.

पहिले दोन आठवडे ती जिन्याखालीच बसली. मग माझ्या पहिल्याच तासाला मी फळ्यावर भरभर उदाहरण उतरवत होतो. माझी पद्धत ती आहे, हात चालतो तसं तोंड चालतं. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, “सावकाश!”

खडू माझ्या हातातून पडला. सव्वीस वर्षांत मला वर्गात असं कुणी बोललं नव्हतं. तपासणीला आलेले साहेब सुद्धा नाही. वर्ग फिदीफिदी हसला. मी तणतणत जिन्याखाली गेलो, कपाळ स्पंजवर आपटलं आणि तसाच वाकलेला ओरडलो, “ही मुलगी मला उलट बोलते!”

“काय बोलली?”

“सावकाश म्हणाली!”

“अरे वा,” बाई म्हणाल्या. “मी दोन आठवडे शिकवतेय. झेपलं नाही की बाकाखाली जायचं नाही, सावकाश म्हणायचं. तुमच्याच तासाला आलं बघा तिला. बसा ना, सर, मान दुखेल.”

मी बसलो. माणूस वाकून भांडू शकत नाही. मला वाटतं त्यांनी ती खोली म्हणूनच कधी बदलून मागितली नाही.

मुलीचं नाव त्या दिवसापासून सावकाश पडलं. मुलं हाक मारायची, “ए सावकाश!” बाईंनी तिला विचारलं, चालेल का. तिने बराच विचार करून सांगितलं, चालेल.

पण घंटा चालायची नाही. आमची घंटा म्हणजे लोखंडाचा तुकडा आणि वर हातोडा, ती वाजली की सावकाश कान दाबून बाकाखाली. तासातासाला. दिवसातून आठ वेळा मी बाकाखाली वाकून बोललोय, माझ्या गुडघ्यांना विचारा. मी म्हटलं घंटा बंद करा. शिपाईकाका खवळले, “बावीस वर्षं मी घंटा देतोय! उद्या म्हणाल दार पण उघडू नको!”

बाई दुसऱ्या दिवशी सावकाशला घेऊन काकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “काका, हिला शिकवा. तुमच्यासारखी घंटा कुणाला येत नाही.” काका विरघळले. हातोडा तिच्या हातात दिला. आणि आपण मारलेल्या घंटेला ती घाबरली नाही, हो! अगदी पहिल्या दिवशीसुद्धा नाही. आवाज कधी येणार हे तिला माहीत होतं, एवढंच काय ते तिला हवं होतं. फक्त ती मारायची तिच्या चालीने. एक टोला, मग बराच विचार, मग दुसरा. पहिले तीन आठवडे शाळा रोज चार मिनिटं उशिरा सुटत होती. मोठ्या बाईंनी कारण विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं, “थंडीने लोखंड जड झालंय.”

वाचन मात्र येईना. पाठ्यपुस्तक उघडलं की तिचा चेहरा बंद. बाईंनी सहा महिने नाना उपाय केले. शेवटी आईला म्हणाल्या, “ताई, तुमच्या कारखान्यातल्या चिठ्ठ्या आणा हो थोड्या.” कपड्याच्या आत कॉलरपाशी शिवतात त्या. आईने टाकाऊ चिठ्ठ्यांची पिशवी भरून आणली. आईची चिठ्ठी म्हटल्यावर तिने ती हातात घेतली. एके दिवशी मी माझ्या कामाला जिन्याखाली गेलो तर सावकाशने चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली आणि मला वाचून दाखवली.

“पि-ळू न-का.”

मी सव्वीस वर्षं मुलांना पिळतोय. इतकं स्पष्ट मला कुणी सांगितलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर येऊन स्वच्छतागृहात तोंड धुतलं. डोळ्यांत खडू गेला होता असं कुणाला सांगावं लागलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

तिथून मी बिघडलो. रोज मधल्या सुट्टीत डबा घेऊन जिन्याखाली. वरून चारशे पोरं धाडधाड उतरायची, छताची माती डब्यात पडायची, आणि आम्ही तिघं बेरजा करायचो. हातच्यापाशी गाडी अडली होती. मी ओरडून सांगितलं, हळू सांगितलं, फळ्यावर, जमिनीवर सांगितलं. बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, “सर, हातचा एक, हातचा एक म्हणता. तिच्या हातात काहीच नाही.”

आईने चिठ्ठ्यांबरोबर बटणंही दिली होती. मी एक बटण सावकाशच्या मुठीत ठेवलं. म्हटलं, हा हातचा. सोडायचा नाही. पुढच्या घराची बेरीज झाली की मूठ उघडायची. तिने केलं. सत्तावीस अधिक पंधरा, बेचाळीस. मी पुन्हा दिलं. पुन्हा बरोबर. सव्वीस वर्षं मी मुलांना हातचा देतोय, पण हातात कुणाच्या काही दिलं नव्हतं! मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. बाई म्हणाल्या, “डबा खा, सर, गार झाला.”

आता आराखडा. अशा प्रत्येक मुलाचा दरवर्षी एक आराखडा असतो. त्यात बारा मुद्दे. सोपी वाक्यं स्वतंत्रपणे वाचते, अचानक आवाज झाल्यास जागेवर राहते, दोन अंकी बेरीज हातच्यासह करते, असे. प्रत्येक मुद्द्यापुढे तीन रकाने: ‘साध्य’, ‘प्रगतिपथावर’, ‘प्रगती नाही’. वर्षअखेरीस खुणा करून तो कचेरीत जातो. सगळीकडे ‘प्रगती नाही’ आलं, तर मूल गावाच्या दुसऱ्या टोकाच्या निवासी शाळेत पाठवतात. सगळीकडे ‘साध्य’ आलं, तर मुलाला मदतीची गरज नाही म्हणून मदत बंद.

बाई तो आराखडा असा भरायच्या की बघत राहावं. पेन्सिल हातात, डोळे बारीक. एक ‘साध्य’, म्हणजे कचेरीला बरं वाटावं. एक ‘प्रगती नाही’, म्हणजे विश्वास बसावा. बाकी सगळं ‘प्रगतिपथावर’. नऊ वर्षं बाईंकडे आलेलं प्रत्येक मूल प्रगतिपथावर होतं. कुणी पोचलं नव्हतं आणि कुणी मागे फिरलं नव्हतं. ताकास तूर लागू दिली नाही त्यांनी, कचेरीला तर नाहीच, पण दुर्दैवाने मलाही नाही.

त्या वर्षी बाईंना आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. विषय होता, आराखडा कसा भरावा. त्याच आठवड्यात आराखडे मागवले गेले. बाईंनी जाताना चौघांचे भरून ठेवले होते, पाचवा राहिला होता. कारकून माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला, “वर्गशिक्षक तुम्ही. आज दुपारच्या आत हवाय.”

मी माझं लाल पेन काढलं. एकेक मुद्दा वाचला. वाक्यं वाचते का? वाचते. माझ्यासमोर वाचलंय. बरोबरची खूण. आवाज झाल्यास जागेवर राहते का? अहो, आवाज तीच करते. खूण. हातच्यासह बेरीज? तिथे मी जरा ठसठशीतच खूण केली, कागदाच्या मागे उमटली. बाराच्या बारा मुद्दे, बाराच्या बारा ‘साध्य’. मी कुणाला फुकट गुण देणारा माणूस नाही. खाली सही केली, दिनांक घातला, आणि त्या दिवशी वर्गात कुणावर ओरडलो नाही. मुलांना वाटलं मला बरं नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. सुरुवातच ‘अभिनंदन’ अशी. सदर विद्यार्थिनीस विशेष सहाय्याची गरज उरलेली नाही. शाळेतील पात्र विद्यार्थ्यांची संख्या आता चार. सबब विशेष शिक्षिकेचे पद पुढील सत्रापासून अन्यत्र वर्ग करण्यात येत आहे.

मी पत्र घेऊन जिन्याखाली गेलो. या वेळी स्पंजच्या खालचं लोखंड लागलं. बाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“बारा?” त्यांनी विचारलं.

“बाराच्या बारा,” मी म्हटलं. “खरंच येतंय हो तिला!”

“येतंय की.”

“मग मी काय खोटं लिहायचं होतं?”

बाई मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पत्राची घडी घातली. “तिला येतं कारण रोज दोन तास कुणीतरी शेजारी बसतं, सर. ते उठलं की आठ दिवसांत ती बाकाखाली जाईल. तुमच्या सेहेचाळिसांतून तुम्ही कितीदा वाकणार?” मग अगदी साध्या आवाजात, “एक तरी खूण सोडायचीत हो.”

कप्पाळ माझं! चांगलं झालं म्हणून मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, आणि केलं काय, तर पाच पोरांची बाई घालवली. मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून पैकीच्या पैकी गुण दिले आणि ते असे अंगाशी आले.

मोठ्या बाईंनी कचेरीला फोन केला. तिकडून सांगितलं, एकच मार्ग आहे. वर्गशिक्षकाने आधीच्या नोंदी चुकीच्या होत्या असं लेखी द्यावं आणि विद्यार्थिनीला समक्ष हजर करावं. साहेब फेरतपासणी करतील. सव्वीस वर्षांत माझ्या नावावर एक शेरा नाही. मी कागद घेतला आणि लिहिलं. वाचून तोंड कडू झालं, पण लिहिलं.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं कचेरीत गेलो. आईला सुट्टी मिळाली नव्हती. तिने चिठ्ठी दिली होती, ‘बाई सांगतील तसं.’ साहेबांच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. त्यावर बसलो. सावकाश मध्ये. माझा कागद माझ्या गुडघ्यावर, वर फाइल, आणि मी पंख्याकडे बघत बसलो होतो. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

“स-द-र वि-द्या-र्थि-नी-ला...”

फाइल घसरली होती. मी कागद ओढला तर तिने तो धरून ठेवला. बोट अक्षराखाली, जसं बाईंनी शिकवलं होतं.

“स्व-तं-त्र-प-णे वा-च-ता ये-त ना-ही.”

एक शब्द चुकला नाही. जोडाक्षरांसकट वाचलं. मग मान वर करून मला विचारलं, “सदर म्हणजे काय?”

“म्हणजे... ही.”

“ही कोण?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या पोटच्या मुलीसमोरही मी इतकं खाली बघितलं नसेल. बाई म्हणाल्या, “तू.”

सावकाशने पुन्हा कागदाकडे बघितलं. “पण मला येतं.”

“येतं,” बाई म्हणाल्या. “सरांनी हे खोटं लिहिलंय. का ते सांगते. सगळं येतं म्हटलं तर मला दुसऱ्या शाळेत पाठवतील. काहीच येत नाही म्हटलं तर तुला दुसऱ्या शाळेत पाठवतील. आम्हाला दोन्ही नकोय, म्हणून आम्ही असलं काहीतरी करतोय. हे बरोबर नाहीये. तू आत गेलीस की तुला जे येतं ते वाच. आमचा विचार करायचा नाही. कळलं?”

सावकाशने बराच वेळ विचार केला. “कळलं,” म्हणाली.

बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “तो कागद खिशात ठेवा, सर. वाचू दे तिला. बदली तर बदली.” आणि मी ठेवला. खरं सांगतो, मला हलकं वाटलं. पण हात खिशावरून निघेना, कारण बदली म्हणजे काय ते मला आता माहीत होतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. हसून बोलले, तिला खुर्ची दिली, समोर पहिलीचं पुस्तक उघडून ठेवलं. मोठ्या अक्षरात एक ओळ, वर बदकाचं चित्र. “वाच बरं बाळा.”

ती ओळ तिने दोन श्वासांत वाचली असती. ती ओळीकडे बघत राहिली. मग बाईंकडे बघितलं. मग पुन्हा ओळीकडे. ओठ घट्ट मिटलेले.

“घाबरू नकोस. हे वाच.” साहेबांनी सोपं पान काढलं. दोन-दोन अक्षरांचे शब्द. ती गप्प. बाई म्हणाल्या, “बाळा, येतंय ना तुला? वाच की.” आवाज नेहमीचाच होता, पण पिशवीचा पट्टा त्यांनी हाताला गच्च गुंडाळला होता. ती गप्प.

साहेबांनी अक्षरांचे तक्ते काढले. त्यांचा चेहरा उतरला. “अहो, हिला अक्षरही येत नाही का? मग हिला त्या निवासी शाळेतच...”

“म,” सावकाश म्हणाली.

साहेब थांबले. तिचं बोट तक्त्यावर, बरोबर म वर होतं.

“शाबास! आणि हे?”

ती गप्प. त्यांनी आणखी चार अक्षरं दाखवली. तिने एकही वाचलं नाही. तोंड असं मिटलं होतं की ओठ पांढरे पडले होते.

“हां, म्हणजे सुरुवात आहे,” साहेब खुश होऊन म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं. “प्रगतिपथावर म्हणू या. सहाय्य एक वर्ष चालू. बिचारी.” मग माझ्याकडे हात पुढे केला, “तुमचा कागद?” मी खिशातून काढून दिला. त्यांनी तो वाचला, मान हलवली. “सर, तुम्ही मनाचे चांगले दिसता. पण मुलांच्या बाबतीत इतकं हुरळून जाऊ नये. बारा खुणा? हिला?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडलं सुद्धा. सांगणार होतो की ही जोडाक्षरं वाचते, हातच्याची बेरीज करते, अख्ख्या शाळेची घंटा हिच्या हातात आहे, बिचारी कुणाला म्हणता! बाईंनी टेबलाखालून माझ्या बुटावर पाय दिला. मी मूग गिळून ‘चूक झाली’ म्हणालो. साहेबांनी शिक्का मारला.

आम्ही बाहेर आलो. जे हवं होतं ते पदरात पडलं होतं. बाई राहणार, पाच मुलं पाचच राहणार, सावकाश आमच्याकडेच राहणार. मी आनंदाने काहीतरी बोलायला हवं होतं. सावकाश आमच्यापुढे दोन पायऱ्या उतरत चालली होती आणि भिंतीवरचं जे दिसेल ते वाचत होती. तोंडातून धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटल्यासारखं. झेरॉक्स. लिफ्ट बंद आहे. कृपया रांगेत उभे राहावे. थुंकू नये. एकही अक्षर अडलं नाही.

बाई मला म्हणाल्या, “मला कळत नाहीये हो सर, हिला शाबासकी देऊ की हिची माफी मागू.” नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून ‘कळत नाही’ मी पहिल्यांदा ऐकलं.

मला तर दोन्हीची लाज वाटत होती. खोटं बोललं म्हणून मी या हातांनी किती पोरांना वर्गाबाहेर काढलंय. आणि हिला खोटं बोलायला आम्ही सांगितलं नव्हतं, उलट खरं बोल म्हणालो होतो. तरी शिकवलं आम्हीच. दुसरं कोण शिकवणार होतं?

शेवटच्या पायरीवर सावकाश थांबली आणि वळली. कपाळाला आठी. बेरजेत अडली की घालते तशी.

“बाई,” ती म्हणाली, “पुढच्या वर्षी किती वाचायचं? एकच अक्षर, की दोन?”

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या पायरीवरच बसल्या. ती आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आमच्या मागून उतरणारी माणसं वळसा घालून जात होती.